सप्तरंगीतील घटकांचे डॉकिंग: ‘अकार्बोजपेक्षा प्रभावी’ असे लिहिता येईल का?

रानवेल (प्रश्न)

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात एम.एस्सी. जैवरसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षात शिकत असून माझा प्रकल्प सप्तरंगी, म्हणजे सॅलेशिया चायनेन्सिस, या आमच्याकडच्या रानवेलीतील रसायनांवर आहे. तिच्या मुळाचा काढा मधुमेहावर देण्याची पद्धत जुनी आहे. त्यामुळे आतड्यात पिष्टाच्या पचनाचा शेवटचा टप्पा पार पाडणाऱ्या अल्फा-ग्लुकोसिडेज या विकराला तिच्यातील कोणता रेणू अडवत असेल, हे डॉकिंगने, म्हणजे रेणू विकराच्या खाचेत कसा आणि किती घट्ट बसेल याच्या संगणकीय अंदाजाने, तपासायचे ठरले.

घटकांची यादी मी प्रकाशित शोधनिबंध, चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसने तयार केलेला ‘इम्पॅट’ हा भारतीय औषधी वनस्पतींचा माहितीसंग्रह आणि आमच्याच नमुन्याच्या मिथेनॉल अर्काचा जीसी-एमएस (मिश्रणातील बाष्पशील घटक ओळखणारे यंत्र) अहवाल यांवरून जमवली. एकूण ४६ रेणू झाले. रेणू तोंडावाटे घ्यायचे औषध होण्याजोगा आहे का हे सांगणाऱ्या लिपिन्स्कीच्या नियमांपैकी एकापेक्षा अधिक मोडणारे ८ रेणू मी स्विसएडीएमई या संकेतस्थळाच्या साहाय्याने वगळले, त्यांत मँजिफेरिन आणि कोटालानॉल होते. उरलेल्या ३८ रेणूंचे ऑटोडॉक व्हिना या प्रणालीत, प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांच्या पीडीबी संग्रहातील ‘३ए४ए’ या रचनेवर डॉकिंग केले. फ्रिडेलिनचा स्कोअर (जितका अधिक उणा, तितके बंधन घट्ट) उणे ९.६ आला, तुलनेसाठी घेतलेल्या अकार्बोज या मधुमेहाच्या औषधाचा उणे ७.९, आणि यादीत सर्वांत खाली उणे ५.८ वर सालासिनॉल राहिले.

माझ्या मार्गदर्शकांच्या मते ‘फ्रिडेलिन हे अकार्बोजपेक्षा अधिक प्रभावी मधुमेहरोधक ठरू शकते’ असा निष्कर्ष लिहायला हरकत नाही, मात्र त्याआधी रेणूंच्या हालचालींचे १०० नॅनोसेकंदांचे संगणकीय सिम्युलेशन जोडावे. आमच्याकडे त्यासाठी लागणारा संगणक नाही. सिम्युलेशनशिवाय हा निष्कर्ष टिकेल का, आणि माझ्या पद्धतीत आणखी काही उणीव आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गणकरसायन

रानवेल, आपण पद्धत तपशिलाने लिहिलीत म्हणून नेमके उत्तर देता येते. सिम्युलेशनचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा, कारण आपल्या यादीतील खरी बातमी शेवटच्या ओळीत आहे आणि आपण पहिल्या ओळीकडे पाहत आहात.

सालासिनॉल हा सॅलेशियातील सर्वांत चांगला अभ्यासलेला अल्फा-ग्लुकोसिडेजरोधक रेणू आहे. क्योटो फार्मास्युटिकल युनिव्हर्सिटीतील योशिकावा यांच्या गटाने १९९७ मध्ये तो सॅलेशिया रेटिक्युलाटामधून वेगळा केला आणि पुढच्याच वर्षी कोटालानॉल. श्रीलंकेत या वेलीला ‘कोथला हिंबुटु’ म्हणतात, त्यावरून कोटालानॉल हे नाव पडले. तिथे तिच्या लाकडाचे पेले करून त्यात रात्रभर ठेवलेले पाणी मधुमेही माणसे पितात. माणसाच्या आतड्यातील माल्टेज-ग्लुकोअमायलेज या अल्फा-ग्लुकोसिडेजच्या एन-टोकाकडील भागावर कोटालानॉलचा रोधन-स्थिरांक (जितका कमी, तितका रोधक प्रभावी) सुमारे ०.१९ मायक्रोमोलर मोजला गेला आहे, तर त्याच भागावर अकार्बोजचा सुमारे ६२. म्हणजे प्रयोगशाळेत ज्या रेणूने अकार्बोजला तीनशेपटींहून अधिक मागे टाकले, तो आपण डॉकिंगपूर्वीच गाळला, आणि त्याचा सख्खा भाऊ आपल्या यादीत तळाला गेला. ज्या चाळणीतून खरा दाणा खाली पडतो आणि कोंडा वर राहतो, त्या चाळणीवर वर राहिलेल्या फ्रिडेलिनबद्दल काहीही लिहिण्याआधी चाळणीच तपासायला हवी.

असे का झाले, याची कारणे निरनिराळी आहेत. पहिले कारण स्कोअरचे स्वरूप. २०१० मध्ये स्क्रिप्स संस्थेतून प्रसिद्ध झालेल्या व्हिनाचे सूत्र रेणूचा आकार खाचेशी किती जुळतो, जलविरोधी भाग एकमेकांना किती भिडतात आणि हायड्रोजन बंध किती होतात हे मोजते, परंतु अणूंवरील विद्युतभार त्यात धरलेलाच नाही. सालासिनॉलमध्ये धनभारित सल्फोनियम गंधक आहे. साखरेचा रेणू तुटताना क्षणभर जी धनभारित अवस्था निर्माण होते तिची ती नक्कल मानली जाते, आणि विकराच्या खाचेतील ऋणभारित अ‍ॅस्पार्टिक आम्लांशी तिचे जे नाते जुळते त्यावर या रेणूची बरीच ताकद अवलंबून आहे. जे सूत्र भार पाहतच नाही, त्याला ही ताकद दिसणार कशी? याउलट फ्रिडेलिन म्हणजे पाच कड्यांचा ताठ, तेलकट सांगाडा, ३० कार्बन आणि अवघा एक ऑक्सिजन. त्याला फिरणारे बंध नाहीत, त्यामुळे लवचीकपणासाठी व्हिना जी वजावट करते तीही त्याला लागू होत नाही. अकार्बोज मात्र चार कड्यांची, लवचीक, हायड्रॉक्सिल गटांनी भरलेली साखळी आहे आणि ही वजावट तिला पुरेपूर भोगावी लागते. म्हणूनच डॉकिंगमध्ये अकार्बोजला हरवणे फार सोपे असते. फ्रिडेलिनसारखी ट्रायटर्पीने असलेली जवळजवळ कोणतीही वनस्पती ते करून दाखवील.

दुसरे, १.७ किलोकॅलरींचा फरक दिसतो तितका मोठा नाही. व्हिनाच्या कर्त्यांनीच प्रशिक्षण-संचावरील प्रमाण त्रुटी सुमारे २.८५ किलोकॅलरी प्रति मोल दिली आहे. खोलीच्या तापमानाला १.३६ किलोकॅलरी म्हणजे बंधनक्षमतेत दहापट फरक, तेव्हा त्रुटीची पट्टीच शंभरपटींहून रुंद झाली.

तिसरे कारण मला सर्वांत गंभीर वाटते. ‘३ए४ए’ ही रचना माणसाच्या विकराची नाही. ती यीस्टच्या आयसोमाल्टेजची आहे. प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या यीस्टच्या माल्टेजशी तिचा क्रम सुमारे ७२ टक्के जुळतो, म्हणून ती सर्रास घेतली जाते. पण यीस्टचे हे विकर साखरबंध तोडणाऱ्या विकरांच्या जीएच १३ कुळातले आहे आणि आपल्या आतड्यातील माल्टेज-ग्लुकोअमायलेज व सुक्रेज-आयसोमाल्टेज ही दोन्ही जीएच ३१ कुळातली. या दोन मानवी प्रथिनांत प्रत्येकी दोन, अशा एकूण चार उत्प्रेरक जागा आहेत आणि त्या चौघींची आवडनिवड सारखी नाही. वर दिलेला ६२ मायक्रोमोलरचा आकडा अकार्बोजसाठी फक्त एका जागेचा आहे. माल्टेज-ग्लुकोअमायलेजच्या सी-टोकाकडील जागेला तेच अकार्बोज कितीतरी घट्ट धरते. ‘अल्फा-ग्लुकोसिडेजवर डॉकिंग केले’ या वाक्यातून यांतले काहीच कळत नाही.

आपण मानवी एन-टोकाची कोटालानॉलसह असलेली ‘३एल४व्ही’ ही रचना घ्या आणि सुरुवात पुनर्डॉकिंगपासून करा. स्फटिकात कोटालानॉल जिथे आणि जसे बसले आहे, तसे ते पुन्हा बसते का आणि विचलन २ अँगस्ट्रॉमच्या आत राहते का, हे पाहा. नंतर माहीत असलेले रोधक, म्हणजे सालासिनॉल, कोटालानॉल, मिग्लिटॉल, अकार्बोज, आणि त्यांच्याशी वजनाने व ध्रुवीयतेने मिळतेजुळते पण रोधक म्हणून माहीत नसलेले पन्नासेक रेणू एकत्र करून आपली पद्धत त्यांतून रोधक वर आणते का ते तपासा. आणत नसेल, तर ‘या लक्ष्यासाठी या पद्धतीचा क्रम विश्वासार्ह नाही’ एवढेच प्रामाणिकपणे लिहिता येईल, आणि माझ्या मते तोही एम.एस्सी.साठी पुरेसा निष्कर्ष आहे. भार धरणाऱ्या ऑटोडॉक ४ च्या सूत्राने तेच करून पाहिलेत तर तुलनाही मिळेल. सल्फोनियमवरचा धनभार आणि सल्फेटवरचा ऋणभार फाइल रूपांतरित करताना पुसला जात नाही ना, हे मात्र हाताने तपासा. तिथे अनेकदा घोटाळा होतो.

सिम्युलेशनबद्दल शेवटी. तेलकट रेणू एकदा खाचेत ठेवला की १०० नॅनोसेकंद तो तिथेच राहणे हे फारसे नवल नाही, कारण कमजोर बंधनालाही सुटायला त्याहून पुष्कळ अधिक वेळ लागू शकतो. आलेख सपाट आला म्हणजे बंधन सिद्ध झाले, असे होत नाही. संगणक नाही म्हणून खंत करू नका.

परीक्षानळी

मी गेली अनेक वर्षे विकर-रोधनाचे प्रयोग करते, त्यामुळे प्रयोगाच्या बाजूने दोन-तीन गोष्टी जोडते.

लिपिन्स्कीच्या नियमांनी आपण जे आठ रेणू वगळलेत ते परत घ्या. ते नियम तोंडावाटे घेतलेले औषध आतड्यातून रक्तात शोषले जाईल का, याचा ढोबळ अंदाज देतात. आपले लक्ष्य आतड्याच्या आतल्या भिंतीवर, अन्नाच्या बाजूलाच बसलेले आहे. तिथे औषध शोषले न जाणे हा दोष नसून सोय आहे. अकार्बोजचा २ टक्क्यांहून कमी भाग मूळ स्वरूपात रक्तात जातो आणि तरीही ते काम करते. खरे तर आपली चाळणी आपण अकार्बोजलाच लावली असती, तर वजन, हायड्रोजन देणारे गट आणि हायड्रोजन घेणारे गट या तिन्ही नियमांवर ते बाद झाले असते. तुलनेसाठी घेतलेले औषधच ज्या परीक्षेत नापास होते, ती परीक्षा या लक्ष्यासाठी घेण्यात अर्थ नाही.

जीसी-एमएसच्या यादीबद्दल मला अधिकच शंका आहे. त्या यंत्रात जे उष्णतेने वायुरूप होते तेच दिसते. सालासिनॉल, कोटालानॉल, मँजिफेरिन हे ध्रुवीय रेणू, क्षारासारखी रचना असलेले किंवा साखर जोडलेले, त्यात तसेच्या तसे दिसणारच नाहीत. दिसतात ती स्निग्धाम्ले, त्यांची एस्टरे, फायटॉल, आणि पुष्कळदा थॅलेट. हे थॅलेट बहुतेक वेळा वनस्पतीचे नसून प्लास्टिकच्या बाटल्यांतून किंवा द्रावकातून आलेले असते. आपल्या ४६ मध्ये एखादे थॅलेट असेल तर ते आजच काढून टाका. थॅलेटला ‘मधुमेहरोधक वनस्पतिजन्य घटक’ म्हणणारे लेख मी परीक्षक म्हणून परत पाठवलेले आहेत. पारंपरिक वापर पाण्यातील काढ्याचा, शोध मात्र मिथेनॉल अर्कातील बाष्पशील पदार्थांचा, ही विसंगती प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत कोणीतरी विचारणारच.

पुढे प्रयोग करायचे ठरले तर यीस्टचे विकर आणि पीएनपीजी हे कृत्रिम द्रव्य ही स्वस्त जोडी टाळता आल्यास टाळा. यीस्टच्या विकरावर अकार्बोज अत्यंत दुबळे आहे, म्हणूनच ‘आमचा अर्क अकार्बोजच्या शंभरपट’ अशी वाक्ये इतक्या सहज छापली जातात. उंदराच्या आतड्याची अ‍ॅसिटोन पावडर बाजारात मिळते. तिचा अर्क काढून माल्टोज किंवा सुक्रोज हे द्रव्य द्या आणि सुटलेले ग्लुकोज जीओडी-पीओडी (ग्लुकोज ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेज) किटने मोजा. पीएनपीजीच वापरायचे असेल, तर त्यातून सुटणारा पिवळा रंग ४०५ नॅनोमीटरला मोजला जातो, आणि सप्तरंगीच्या मुळाच्या सालीचा अर्क स्वतःच नारिंगी असतो, हे विसरू नका. प्रत्येक तीव्रतेला विकराविना कोरा नमुना ठेवला नाही तर आपण रोधन नव्हे, रंग मोजाल. शिवाय पॉलिफेनॉल पाण्यात पुंजके करून कोणत्याही प्रथिनाला चिकटतात. पुंजके मोडणारे ट्रायटन एक्स-१०० हे अपमार्जक ०.०१ टक्का घातल्यावर रोधन नाहीसे झाले, तर तो रेणू खाचेत बसतच नव्हता. आपल्या फ्रिडेलिनची अडचण त्याच्याही आधीची आहे, ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

निवृत्त मास्तर

चर्चेच्या मध्येच विचारतो, क्षमा असावी. मी मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतो आणि गेल्या महिन्यापासून एका परिचिताने दिलेला सप्तरंगीच्या मुळीचा काढाही सकाळी घेऊ लागलो आहे. येथील मजकुरावरून मुळीत औषध खरोखरच आहे असे दिसते. मग काढा चालू ठेवावा काय?

ओपीडीनंतर

मास्तर, आपण काढा घेत आहात हे आपल्या डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा आणि तोवर तो थांबवा. ग्लिमेपिराइडने साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते, आणि काढ्यातील रोधकाचे प्रमाण मुळीगणिक, उकळण्यागणिक बदलणार. एक गोष्ट मात्र आजच लक्षात ठेवण्यासारखी आहे. अल्फा-ग्लुकोसिडेज अडवणारे काहीही पोटात असताना साखर उतरून घाम, थरथर सुरू झाली, तर घरातील साखर किंवा गूळ लवकर उपयोगी पडत नाही, कारण सुक्रोज तोडणारे विकरच अडलेले असते. अशा वेळी ग्लुकोज पावडर लागते. अकार्बोज आणि व्होग्लिबोज घेणाऱ्या रुग्णांनाही आम्ही हेच सांगतो.

हर्बेरियम

रसायनातले मला फारसे कळत नाही, पण नमुन्याबद्दल विचारावेसे वाटते. सप्तरंगी म्हणून बाजारात मिळणारी मुळी नेमकी कोणत्या जातीची असते, याची खात्री तुकड्यांवरून होत नाही. आपण स्वतः गोळा केली असेल, तर पाने, फुले किंवा फळे यांसह नमुना वाळवून पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाकडून किंवा आघारकर संशोधन संस्थेकडून ओळख पटवून घ्या आणि नमुना क्रमांक प्रबंधात द्या. योशिकावा यांचा १९९७ चा रेणू सॅलेशिया रेटिक्युलाटाचा आहे, आपली वेल सॅलेशिया चायनेन्सिस आहे. दोन्हींच्या रसायनांत बरेच साम्य असले, तरी माहितीसंग्रहातील यादी आपल्या वेलीला जशीच्या तशी लागू करताना प्रत्येक रेणू कोणत्या जातीतून व कोणत्या भागातून नोंदला गेला आहे, हा रकाना जरूर ठेवा.

आणि मूळ खणले की वेल जाते. देवराईच्या कडेला दिसणाऱ्या जुन्या वेलींना तर हातच लावू नये. पाने आणि बारीक फांद्या आधी तपासून पाहायला काय हरकत आहे?

रानवेल

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण सगळे पुन्हा करून पाहायचे होते.

यादीतून दोन थॅलेट आणि जीसी-एमएसमधील बहुतेक स्निग्धाम्ले काढली, गाळलेले आठ रेणू परत घेतले आणि हर्बेरियम यांनी सुचवल्याप्रमाणे जात व भाग यांचा रकाना भरला. तो भरताना लक्षात आले की अकरा रेणूंची नोंद चायनेन्सिसमधून नव्हतीच. ‘३एल४व्ही’वर कोटालानॉलचे पुनर्डॉकिंग १.४ अँगस्ट्रॉमच्या विचलनाने जमले, म्हणजे जागा बरोबर ओळखली जाते. क्रम मात्र जमत नाही. व्हिनामध्ये फ्रिडेलिन अजूनही पहिल्या पाचांत आहे आणि सालासिनॉल खालच्या अर्ध्यात. ऑटोडॉक ४ मध्ये भार नीट दिल्यावर सालासिनॉल आणि कोटालानॉल दोन्ही वरच्या दहांत आली. फ्रिडेलिनची स्थिती पडद्यावर नीट पाहिली तेव्हा ते उत्प्रेरक अ‍ॅस्पार्टिक आम्लापासून, म्हणजे ४४३ क्रमांकाच्या अवशेषापासून, लांब, खाचेच्या तोंडाशी आडवे पडलेले दिसले. ही आकृती मी पहिल्यांदाच बघायला हवी होती. तेव्हा मी फक्त आकड्यांचा तक्ता पाहिला होता.

मार्गदर्शकांशी बोलणे झाले. ‘अकार्बोजपेक्षा प्रभावी’ हे शब्द शीर्षकातून गेले आहेत. नवे शीर्षक सॅलेशियातील ज्ञात रोधकांना दोन डॉकिंग-सूत्रे कितपत ओळखतात, याविषयी असेल. प्रयोगासाठी मँजिफेरिन निवडले आहे, कारण ते शुद्ध स्वरूपात विकत मिळते. सालासिनॉलचा प्रमाणित नमुना आमच्या खर्चात बसत नाही. एक शंका उरते: मँजिफेरिन स्वतः पिवळे आहे, तर जीओडी-पीओडीच्या गुलाबी रंगाच्या मोजणीत त्याचा अडथळा होईल का?

परीक्षानळी

तो रंग ५०५ नॅनोमीटरच्या आसपास मोजतात आणि मँजिफेरिनचे शोषण बहुतांशी ४०० च्या खालचे आहे, त्यामुळे रंगाचा थेट अडथळा किरकोळ राहील. धोका दुसरीकडे आहे. पीओडीची अभिक्रिया हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालते आणि मँजिफेरिन हे बलवान प्रतिऑक्सिडीकारक आहे, ते रंग तयार होण्याआधीच हे पेरॉक्साइड खाऊन टाकू शकते. तेव्हा विकर न घालता, माहीत असलेल्या प्रमाणात ग्लुकोज आणि मँजिफेरिन एकत्र करून किट ते ग्लुकोज पूर्ण दाखवते का, हे सर्वांत आधी पाहा. कमी दाखवले, तर हेक्सोकायनेजवर आधारित किट घ्या. त्यात पेरॉक्साइडचा संबंधच येत नाही.